बाहेर पडण्याचं कारण

मंगळवार, २८ एप्रिल २०२०. टाळेबंदीचा पस्तिसावा दिवस.

मी एका ग्रामीण रुग्णालयात आयसीटीसीची काउन्सेलर आहे. एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र हे पाटीवरचं नाव. लोकांच्या तोंडी ‘ती एचआयव्हीची खोली’. सांगली जिल्ह्याचा खानापूर-आटपाडीकडचा हा भाग. पाऊस कमी, म्हणून माणसं बाहेर. सोन्याचांदीची गलाई करायला इथले पुरुष केरळापासून कोलकात्यापर्यंत पसरलेत, उरलेले मुंबईला. घरी बायका, म्हातारी माणसं आणि शेरडं. गावांची नावं लिहीत नाही, तपशीलही थोडे इकडचे तिकडे केलेत. आमच्या कामात आधी हेच शिकावं लागतं. एखाद्याची एचआयव्हीची स्थिती त्याच्या संमतीशिवाय कुणाला कळू द्यायची नाही, असा २०१७ चा कायदाच आहे. तो नसता तरी गावानं शिकवलंच असतं.

पहाटे ५.५०

फोन थरथरला. मी तो उशीखाली ठेवते. या दिवसांत लोकांना बोलायला मोकळी वेळ मिळते ती घरातले उठायच्या आत, नाहीतर सगळे झोपल्यावर.

“ताई, चारच राहिल्यात.”

आवाज ओळखला. मुंबईत हॉटेलात कामाला असलेला, तिशीतला माणूस. हॉटेल बंद झालं, महिनाभर खोलीत काढला आणि २२ तारखेला कांदा उतरवून परत निघालेल्या टेम्पोत बसून गावाच्या वेशीपर्यंत आला. वेशीवर तरुण मंडळानं बाभळीच्या फांद्या टाकून रस्ता अडवला होता. तिथून थेट जिल्हा परिषदेच्या शाळेत, १४ दिवस. इयत्ता चौथीच्या वर्गात सात जण. आता तो शाळेच्या मागं, संडासाच्या भिंतीआड उभा राहून बोलत होता.

गोळ्या एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीवरच्या. रोज एक, ठरलेल्या वेळी. त्याच्या गोळीत एफाविरेन्झ आहे. त्यानं डोकं गरगरतं, रंगीबेरंगी स्वप्नं पडतात, म्हणून ती रात्री झोपताना घ्यायची. घरी ते सोयीचं असतं. वर्गात सात जणांत अंधारात डबी उघडायची म्हणजे खुळखुळा वाजवण्यासारखंच. त्यानं डबीत कापूस कोंबून ठेवला होता. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. सहा वर्षं गोळ्या घेणाऱ्याला अशा गोष्टी आपोआप सुचतात.

“ग्रीन बुक?” एआरटी घेणाऱ्याची नोंदवही.

“ट्रंकेत. मुंबईला. रूमवाल्यांना कसं सांगू काढून फोटो पाठवा म्हणून?”

रजिस्ट्रेशन नंबर मात्र त्याला पाठ होता. दुसऱ्या ठिकाणी अडकलेल्या रुग्णाला जवळच्या केंद्रातून गोळ्या द्या, अशा सूचना नॅकोच्या, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या होत्या. आमच्याकडं लिंक एआरटीचं कपाट आहे. तेव्हा गोळ्यांचा प्रश्न नव्हता. त्या चौथीच्या वर्गात पोचवायच्या कशा, हा होता.

सकाळी ७.३०

नाका. माझ्या गाडीला आरोग्य विभागाचा कागद चिकटवलेला, गळ्यात ओळखपत्र. हवालदार ओळखीचे झालेत, हात करून सोडतात. पुढं एका मोटारसायकलीवरच्या जोडप्याला थांबवलं होतं.

“कुठं निघालाय?”

“दवाखान्यात.”

“काय झालंय?”

नवऱ्यानं बायकोकडं बघितलं, बायकोनं जमिनीकडं. “पोटात दुखतंय.”

“चिठ्ठी दाखवा.”

मी तशीच पुढं गेले. त्यांचं काय दुखत होतं मला ठाऊक नाही. खरंच पोटही असेल. पण हा प्रश्न पस्तीस दिवस रोज ऐकतेय, आणि माझ्या कामाचा निम्मा पाया त्यानं उखडलाय. पोलिसांचं चुकतंय असं नाही. त्यांनी विचारलंच पाहिजे. पासच्या अर्जातही कारणाचा रकाना असतो. छातीत दुखतंय, डायलिसिस आहे, दिवस भरलेत ही कारणं माणूस मोठ्यानं सांगू शकतो. अंगावरून पांढरं जातंय, लघवीच्या जागी फोड आलाय, पाळी चुकलीय, निरोध संपलेत ही कारणं नाक्यावर चार माणसांत कुणी सांगायची? आमच्याकडं येणारा माणूस कधीच आमच्याकडं म्हणून निघत नाही. तो बाजाराला निघतो.

सकाळी ९

आज बाजारवार. एरवी मंगळवारी आमच्या खोलीपुढं पाय ठेवायला जागा नसते. रुग्णालयाच्या भिंतीला लागूनच बाजार भरतो. बायका भाजीची पिशवी घेऊन मागच्या दारानं येतात, तपासणी करून, गोळ्या कोथिंबिरीखाली ठेवून जातात. म्हातारे बैल बघायला आलेले असतात. एसटी वेळेवर नसते, तो एक आणखी आधार. दोन तास कुठं होतात, कुणी विचारत नाही. आज मैदानात एक कुत्रं आणि चुन्यानं आखलेले गोल.

आमची खोली २५ मार्चनंतर आठवड्याभरात गेली. रुग्णालयाला ताप-खोकल्याची वेगळी ओपीडी हवी होती आणि बाहेरून दार असलेली खोली एकच. त्या बाहेरच्या दारासाठी मी चार वर्षं भांडले होते. आता माझं टेबल एक्स-रेच्या बोळात आहे. तिथून वॉर्डातल्या मावशी, मामा, सिस्टर, सगळे जातात. भरीला मास्क आणि सहा फूट अंतर. सहा फुटांवरून कुजबुजता येत नाही, हे नियम करणाऱ्यांच्या ध्यानात आलं नसावं. मी एक युक्ती केली आहे. समोरासमोर बसायचं आणि फोनवर बोलायचं. तो तिकडच्या बाकावरून, मी इकडून, एकमेकांकडं न बघता. बघणाऱ्याला वाटतं दोघं आपापल्या घरी बोलतायत.

सकाळी ११ पर्यंत माझी ड्युटी गेटवर, कपाळावर बंदूक धरून ताप मोजायची. आमच्या लॅब टेक्निशियनला स्वॅबच्या ट्रेनिंगला नेलाय. गरोदर बायकांची एचआयव्ही तपासणी सिस्टर करते, बोटाला सुई टोचून. ती थांबू दिलेली नाही, हे मात्र अभिमानानं सांगते.

गेटशेजारी निरोधचा फुकट डबा आहे. आधी तो पुरुषांच्या संडासाच्या वळणावर होता. दर आठवड्याला रिकामा व्हायचा आणि कोण नेतं ते कधी दिसायचं नाही. आता आत यायला एकच वाट ठेवलीय आणि डबा होमगार्डच्या खुर्चीपाशी आलाय. महिना झाला, एकही पाकीट हललेलं नाही. अहवालात याचा अर्थ ‘मागणी नाही’ असा लागेल.

सकाळी १०.२०

ताप ९७.४. पंचविशी-सव्विशीची बाई, डोक्यावर पदर, हातात बँकेचं पासबुक.

“बँक पलीकडं आहे,” मी म्हणाले.

“ठाव हाय,” ती म्हणाली, आणि हलली नाही.

मी होमगार्डला गेटवर बसवलं आणि तिला कडुलिंबाखाली नेलं.

नवरा कर्नाटकात गलाईच्या दुकानात. वर्षातले आठ-नऊ महिने बाहेर. यंदा २१ मार्चला, जनता कर्फ्यूच्या आदल्या दिवशी, तो घरी पोचला. एरवी यात्रेला आला की जाताना तिची पाळीची तारीख सासूच विचारून घ्यायची. साधन काही नव्हतं. माणूस घरात नसताना रोज गोळी कशाला घ्यायची? हे एकीचं नाही, आमच्याकडच्या निम्म्या घरांचं आहे. नवरे सणाला येतात, तेव्हा बायका दिवस मोजतात, निभावून नेतात. एका आठवड्याचा हिशेब त्यांना जमतो. पाच आठवड्यांचा कुणाला जमणार?

शेवटची पाळी १० मार्च. मी बोटांवर मोजलं. आज बरोबर ४९ दिवस, सात आठवडे.

दोन पोरी आहेत, धाकटी दीड वर्षाची. नवऱ्याला पगार नाही. तिला हे नको होतं. नवऱ्याला सांगितलं आहे का, विचारलं. “त्यो न्हाई म्हणायचा न्हाई. सासू म्हणंल, पोरगा असंल तर?” त्यामुळं घरात शब्द काढलेला नव्हता.

“गावातल्या आशाताईला का नाही विचारलंस? तिच्याकडं तपासणीचं किट असतं.”

ती हसली. “ती माजी चुलत जाऊ.”

आशांकडून घरपोच साधनं द्यायची योजना चांगली आहे. तीन निरोध एका रुपयाला, माला गोळ्यांचं पाकीट एका रुपयाला, तातडीची गोळी दोन रुपयांना. त्या पोरी उन्हातान्हात सर्वेक्षण करत फिरतायत, लोकांच्या शिव्या खातायत. त्यांना नावं ठेवायची माझी छाती नाही. पण आशा त्याच गावची सून असते. तिच्या दारात जाणं म्हणजे चावडीवर जाणंच. म्हणून या बायका १२ किलोमीटर तुडवत माझ्याकडं यायच्या, जिथं त्यांना कुणी ओळखत नाही.

“आज कशी आलीस?”

तिनं पासबुक पुढं केलं. जनधन खात्यात एप्रिलचे ५०० रुपये जमा झाले होते. बँकेत बाईनं स्वतः यायचं, अंगठा तिचाच. पस्तीस दिवसांत गावातल्या बाईला एकटीनं घराबाहेर पडायला सरकारमान्य असं हे एकच कारण मिळालं. हवालदारही पासबुक बघून सोडतो. ज्यानं ही योजना काढली त्याच्या स्वप्नातही नसेल की त्या ५०० रुपयांनी आमची ओपीडी चालेल. त्या महिन्यात माझ्याकडं आलेल्या बायकांपैकी बहुतेकींच्या हातात पासबुक होतं.

बँक दोनला बंद. सोबत आलेल्या गावच्या बायका रांगेत होत्या. अडीचला सगळ्यांनी मिळून चालत परतायचं. म्हणजे माझ्या हातात चार तास.

आमच्या रुग्णालयाला गर्भपाताची मान्यता आहे. गोळ्या कपाटात होत्या. नव्हत्या त्या मॅडम. आमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना आठवडाभर कोविड ड्युटीला पाठवलं होतं आणि आज त्या परतणार होत्या, किती वाजता ते कुणालाच माहीत नव्हतं. मी फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा त्यांनीच केला. “दुपारी पोचते. तोवर हिमोग्लोबिन आणि ब्लडग्रुप करून ठेव. आणि कुणी विचारलं तर १४ तारखेचं पत्रक दाखव.” केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानं १४ एप्रिलच्या सूचनांत गर्भपाताची सेवा अत्यावश्यक धरली होती. मॅडमनी त्याची प्रत वॉर्डात चिकटवली होती, मोठ्या अक्षरात.

ती चिकटवावी लागली याला कारण आहे. गर्भपात हा शब्द आमच्या जिल्ह्यात कुणी सरळ उच्चारत नाही. मार्च २०१७ मध्ये म्हैसाळला ओढ्याकाठी १९ भ्रूण पुरलेले सापडले. तो गुन्हा लिंगनिवडीचा होता, आणि अतिशय घाण. पण त्याची दहशत बसली ती कायदेशीर काम करणाऱ्यांवरसुद्धा. औषधाच्या दुकानात या गोळ्यांचं नाव काढलं तर दुकानदार हात झटकतो. कशाला कटकट, कशाला औषध प्रशासनाची तपासणी! त्यामुळं जिला सात आठवड्यांत गोळ्यांवर सुटता आलं असतं, ती बारा आठवड्यांनंतर पोट दिसायला लागल्यावर येते. मग तेव्हाच्या नियमानं दोन डॉक्टरांचं मत लागायचं. दोन डॉक्टर एका जागी, आणि तेही या एप्रिलमध्ये!

पुढं मे महिन्यात इपास डेव्हलपमेंट फाउंडेशननं अंदाज मांडला की टाळेबंदीच्या पहिल्या तीन महिन्यांत देशात एरवी जे ३९ लाख गर्भपात झाले असते, त्यांतल्या सुमारे साडेअठरा लाख बायकांची वाट अडली. आकडा वाचला तेव्हा मला ते पासबुक आठवलं.

दुपारी १२.१०

तिला रक्त द्यायला पाठवलं आणि बोळात येऊन बघते तर ताप-खोकल्याच्या रांगेत एक ओळखीचा टेम्पोवाला. भाजी भरून वाशीला जाणारा, वय चोविसेक. म्हणजे अत्यावश्यक सेवेचा पास असलेला, पंचक्रोशीतला सगळ्यात मोकळा माणूस. मला बघून त्यानं मान वळवली. मग घाईघाईनं खूण केली.

फोनवर बोललो. गेटवर विचारलं, काय होतंय, म्हणून हा पठ्ठ्या म्हणाला घसा दुखतोय. दुसरं काही सुचलं नाही. त्यात मुंबईचा प्रवास. झालं. त्याची सरळ स्वॅबच्या रांगेत रवानगी. आता नाकात काडी जाणार आणि रिपोर्ट येईपर्यंत आत ठेवणार, हे कळल्यावर त्याला घाम फुटला होता.

“घसा दुखतोय का खरंच?”

“न्हाई ओ ताई. खाली. लगवीला आग होतीया, आन् पू येतोय.”

हसू आवरलं. डॉक्टरांना चिठ्ठी लिहून त्याला रांगेतून काढलं. मुंबईला जाऊन-येऊन असतो, तेव्हा स्वॅब पुढं लागला तर द्यावाच लागेल, हेही सांगितलं. घशाचं खोटं बोलून नव्हे, इतकंच.

आमच्याकडं लैंगिक आजारांच्या औषधांची रंगांची किट्स असतात. एक नंबर करडं, दोन हिरवं, तीन पांढरं, असं सातव्या काळ्यापर्यंत. रंग अशासाठी की गोंधळ होऊ नये, आणि औषधाच्या खिडकीवर आजाराचं नाव न घेता नुसतं ‘करडं द्या’ म्हणता यावं. ज्यानं कुणी हे रंग शोधले त्याला माणसाच्या लाजेची जाण होती. करड्या किटमध्ये अ‍ॅझिथ्रोमायसिन आणि सेफिक्झिम. एकाच वेळी, समोर घ्यायचं. पण त्या एप्रिलमध्ये अ‍ॅझिथ्रोमायसिन हा शब्द टीव्हीवर कोरोनाचं औषध म्हणून फिरत होता. खिडकीवरचा नवा मुलगा ओरडला, “ओ मॅडम, ह्याला अ‍ॅझिथ्रो? पॉझिटिव्ह आहे का हा?” अख्खी रांग चार पावलं मागं सरकली.

टेम्पोवाला मला म्हणाला, “बरंच झालं ताई. आता कुणी जवळ येऊन विचारणार न्हाई.”

जोडीदाराला औषध द्यायचं हा नियम. जोडीदार वाशीला. फोन नंबर आहे म्हणाला, सांगतो म्हणाला. एचआयव्हीची तपासणी केली, निगेटिव्ह. तीन महिन्यांनी पुन्हा ये म्हणून सांगितलं. निरोधची दोन पाकिटं मी स्वतः पिशवीत घालून दिली, डब्याकडं बोट दाखवलं नाही.

दुपारी १.१५

मॅडम आल्या. आठवडाभर पीपीई घालून गालांवर वळ उमटलेले. चहा घ्या म्हटलं तर “आधी ती” म्हणाल्या.

तपासणी, कागद. संमतीचा फॉर्म सी. तिनं विचारलं, “मालकांची सही?” लागत नाही. अठरा पूर्ण झालेल्या बाईची तिची तिची सही पुरते. सही तिला येत होती, चौथीपर्यंत शिकलेली. तिनं ती इतकी सावकाश केली की मी घड्याळाकडं बघणं थांबवलं. गर्भपाताचं रजिस्टर गोपनीय असतं, कुलपात राहतं. ते तिला दाखवून कुलूप लावलं.

पहिली गोळी समोर घेतली. उरलेल्या दोन दिवसांनी, गुरुवारी, घरी. काय होईल ते सगळं सांगितलं : पोटात कळा येतील, पाळीपेक्षा जास्त जाईल, तासाला दोन घड्यांच्या वर जायला लागलं, ताप आला, तर कारण शोधत बसू नकोस, १०८ ला फोन कर. सासूला काय सांगायचं? “पाळी अंगावर आलीय म्हनीन. लई दिवसांनी आली.” तिचं उत्तर तयार होतं. गोळ्या तिनं पासबुकाच्या प्लॅस्टिकच्या खिशात घातल्या.

पंधराव्या दिवशी दाखवायला यायचं, म्हणजे १२ मे. दोघी गप्प झालो. लॉकडाऊन ३ मेपर्यंत होता, पुढं वाढणार हे सगळ्यांना दिसत होतं. १२ मेला घरून कशी निघणार?

मग तीच म्हणाली, “मेचं पाचशे येतील की.”

१.४० ला ती बँकेच्या रांगेत होती.

दुपारी २.३०

डबा खाल्ला, गार. मग फोन. गोळ्या न्यायची तारीख आलेल्यांच्या यादीत आज अकरा नावं. सांगलीहून एआरटीच्या गोळ्या तीन-तीन महिन्यांच्या मिळायला लागल्यात, ही या संकटातली खरी सुधारणा. आधी लोकांना दर महिन्याला एक दिवस आणि एसटीचं भाडं घालवावं लागायचं. मी कित्येक वर्षं म्हणत होते की स्थिरावलेल्या माणसाला तीन महिन्यांच्या द्या. जे वर्षानुवर्षं जमत नव्हतं ते आठ दिवसांत झालं.

पण फोन करायचा म्हणजे जपून. पूर्वी दुपारी बाई घरी एकटी असायची. आता फोन कोण उचलेल ते सांगता येत नाही. नवरा, सासरा, ऑनलाइन शाळेवाला पोरगा. पुरुषाचा आवाज आला की मी म्हणते, “गॅस एजन्सीतून बोलतेय.” एका घरी सासऱ्यानं मला सिलिंडर उशिरा येतो म्हणून दहा मिनिटं झापलं.

सिस्टरकडं ‘अंतरा’ या गर्भनिरोधक इंजेक्शनची कार्डं. दर तीन महिन्यांनी एक. तारीख चुकली तर आणखी चार आठवडे चालतं. ज्यांची तारीख २५ मार्च होती त्यांचे चार आठवडे २२ एप्रिलला संपले. त्या बायकांना आता आधी गरोदरपणाची तपासणी करूनच देता येईल. आम्ही सहा कार्डं बाजूला काढली.

शेवटचा फोन रस्त्यावरच्या वस्तीतल्या पिअरचा. ती स्वतः धंद्यात होती, आता इतरजणींना तपासणीला आणते. दर आठवड्याला निरोधचं खोकं नेते. सांगलीत संग्राम आणि वेश्या अन्याय मुक्ती परिषदेनं नव्वदीच्या दशकापासून जे उभं केलं त्याचा हा लांबचा धागा. मी विचारलं, “माल पाठवू का?”

“निरोध नको ताई. तांदूळ हाय का?”

गिऱ्हाईक बंद, भाडं चालू, रेशनकार्ड नाही. तीन जणींनी गोळ्या सोडल्यात म्हणाली, उपाशीपोटी मळमळतं म्हणून. हे माझ्या कुठल्याही फॉर्ममध्ये बसत नाही. फॉर्मवर ‘गोळ्या बंद करण्याचे कारण’ म्हणून दुष्परिणाम, स्थलांतर, मृत्यू असे पर्याय असतात. भूक नसते. पुढं ऑक्टोबर ते डिसेंबर असे तीन महिने राज्य सरकारनं या बायकांना दरमहा ५,००० रुपये जाहीर केले, शाळेत जाणारी मुलं असतील तर २,५०० वर, तेही सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबरमधल्या आदेशानंतर. एप्रिलमध्ये आम्ही स्टाफनं वर्गणी काढली. एक पोतं तांदूळ आणि तूरडाळ. मॅडमनी पाचशे जास्त दिले.

संध्याकाळी ५

शाळा. फाटकावर गुरुजी खुर्ची टाकून बसलेले, त्यांना विलगीकरणाची ड्युटी. मी डबीवरचं लेबल ओल्या फडक्यानं काढून टाकलं होतं, वर कागद गुंडाळला होता.

“कुणासाठी?”

नाव सांगितलं.

“कसल्या गोळ्या?”

हे उत्तर मी वाटेत ठरवून ठेवलं होतं. थायरॉइड म्हणायचं. पण गुरुजींनी इतक्या आस्थेनं विचारलं की ऐन वेळी तोंडातून भलतंच निघालं.

“शुगरच्या.”

“अरेरे, एवढ्या तरण्या पोराला!” गुरुजी उठले, फाटकातून आत हाक मारली, “ए, याच्या चहात साखर टाकू नका रे, शुगर हाय त्याला!” आणि वहीत नाव लिहून पुढं खूण केली. वरून सूचना होती, बीपी-शुगरवाल्यांची वेगळी यादी करायची, त्यांना कोरोनाचा धोका जास्त.

तो वर्गाच्या दारात येऊन उभा होता. अंतर तीसेक फूट. मी डबी फाटकाच्या आत ओट्यावर ठेवली आणि मागं सरले. त्यानं ती उचलली, माझ्याकडं बघितलं. मास्कमुळं हसला की काय ते कळलं नाही.

गाडीवर बसेपर्यंत फोन आला. “ताई, दुसरा कुठला तरी आजार सांगायचा हुता. आठ दिवस राहिल्यात. इथं चहा एवढंच बरं मिळतंय.”

रात्री ९.१५

घरी आल्यावर आंघोळ मागच्या दारी, कपडे सोड्याच्या पाण्यात, मग आत. लेकीनं भाकरी केल्या होत्या. राज्यातला आकडा टीव्हीवर नऊ हजारांच्या पुढं गेला होता. जेवण झाल्यावर मोबाइलवर दिवसाचा अहवाल भरला. तपासण्या चार, रिअ‍ॅक्टिव्ह शून्य, एसटीआय एक, निरोध वाटप दोन पाकिटं. जिल्ह्यातून वरिष्ठांचा मेसेज : तुमच्या केंद्राचं काम मार्चच्या तुलनेत फार घटलं आहे, खुलासा द्यावा.

खुलासा लिहायला घेतला. ‘वाहतूक बंद असल्याने’ एवढं लिहिलं, आणि पाठवून दिला.

१२ मेला ती आली. मे महिन्याचे ५०० रुपये जमा झाले होते. मॅडमनी तपासलं, सगळं साफ होतं. त्याच दिवशी तिला अंतराचं पहिलं इंजेक्शन दिलं आणि कार्डावर पुढची तारीख घातली, १२ ऑगस्ट. जनधनचा शेवटचा हप्ता जूनचा होता.